माथेरान येथील ब्रिटिशकालीन बंगले आणि वारसा हॉटेले : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे येताना शाह डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी, बहुमजली वास्तू दूरवरून दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची सोळाव्या शतकातील कबर आहे. ब्रिटिश अमदानीत अहमदनगर छावणीतील गोऱ्या सैनिकांच्या हवापालटासाठी याच वास्तूचा उपयोग होत असे. मृताच्या विसाव्यासाठी बांधलेली जागा जिवंतांच्या विश्रांतीसाठी वापरात आली आणि आज ती सहलीचे ठिकाण झाली आहे. वास्तू उभी राहते, परंतु तिचा उपयोग बदलतो, आणि उपयोग बदलला की तिच्याविषयी सांगितली जाणारी गोष्टही बदलते. इतिहासाच्या अभ्यासकाला या बदलाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

इंग्लंडमध्ये या प्रकारच्या बदलाचे ठळक उदाहरण म्हणजे तेथील ‘कंट्री हाउस’. विस्तीर्ण शेतजमिनीच्या मध्यभागी उमराव किंवा धनिक कुटुंबाने बांधलेले हे प्रासादतुल्य घर. विसाव्या शतकात अशा अनेक घरांची हॉटेले झाली. महाराष्ट्रात या प्रकाराला सर्वांत जवळचे उदाहरण थंड हवेच्या ठिकाणी इंग्रजांनी बांधलेल्या बंगल्यांचे आहे. त्यांतही रायगड जिल्ह्यातील माथेरानचे उदाहरण विशेष अभ्यासनीय ठरते. माथेरानचे पहिले घर बांधणारा इंग्रज अधिकारी स्वतः अशाच एका कंट्री हाउसच्या धन्याचा मुलगा होता आणि त्या घराचा संबंध थेट पुण्याच्या पेशवे दरबाराशी पोहोचतो. प्रस्तुत निबंधात या दोन घरांना जोडणारा धागा उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) इंग्लंडमधील कंट्री हाउस व माथेरानचा बंगला यांचे हॉटेलमध्ये रूपांतर होण्यामागील कारणांची तुलना करणे.
२) माथेरानच्या वसाहतीचा आरंभ, मालकीतील बदल व हॉटेल व्यवसायाची वाढ यांचा आढावा घेणे.
३) ‘वारसा’ या संकल्पनेत श्रमिकांच्या इतिहासाला कोणते स्थान मिळते, याचा विचार करणे.

या अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

इंग्लंडमधील कंट्री हाउस : वैभव आणि ऱ्हास

कंट्री हाउस हे केवळ राहण्याचे घर नव्हते. भोवतालच्या इस्टेटीतील कुळांकडून येणारा खंड हा त्याचा आर्थिक पाया होता. त्या उत्पन्नावर घरधनी, त्याचे कुटुंब, पाहुणे, शिकारीचे घोडे, बागा आणि नोकरांचा मोठा ताफा पोसला जाई. अठराव्या शतकापासून या उत्पन्नाला साम्राज्यातून मिळवलेल्या पैशाचीही जोड मिळाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत श्रीमंत झालेली मंडळी मायदेशी परतून इस्टेटी विकत घेत. १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा भुईकोट किल्ला ज्याच्या हाती आला, तो आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूच्या विजयाबद्दल कृतज्ञ राष्ट्राने दिलेल्या पैशातून १८१७ मध्ये त्याच्यासाठी हँपशरमधील स्ट्रॅटफील्ड से ही इस्टेट खरेदी करण्यात आली. नगरच्या इतिहासातील एक नाव अशा रीतीने इंग्लंडच्या घरांच्या इतिहासातही सापडते.

१८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागले आणि इंग्लंडमधील शेतीचे उत्पन्न घटले. १८९४ मध्ये वारसाकराची नवी रचना लागू झाली. दोन महायुद्धांत अनेक कुटुंबांचे वारस कामी आले, करांचा बोजा वाढला आणि अल्प वेतनावर घरकाम करणारा नोकरवर्ग कारखान्यांकडे व कचेऱ्यांकडे वळला. परिणामी शेकडो घरे पाडली गेली. काही घरे नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपवली गेली, काहींच्या शाळा झाल्या, तर काहींची हॉटेले झाली. १९४८ मध्ये अल्सवॉटर सरोवराकाठी सुरू झालेले शॅरो बे हे ‘कंट्री हाउस हॉटेल’ या प्रकाराचे आद्य उदाहरण मानले जाते. अ‍ॅस्टर कुटुंबाने १९४२ मध्ये ट्रस्टला दिलेले क्लिव्हडन हे घर १९८५ मध्ये हॉटेल म्हणून खुले झाले. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने कंट्री हाउसच्या विनाशावर प्रदर्शन भरवले, तेव्हा या प्रश्नाकडे सर्वसामान्यांचे लक्ष वेधले गेले.

म्हणजेच इंग्लंडमध्ये घराचे हॉटेल झाले ते जमिनीचे उत्पन्न आटल्यामुळे. जी सेवा पूर्वी पाहुण्याला यजमानाकडून विनामूल्य मिळे, तीच आता पैसे देऊन मिळू लागली. पाहुण्याचा ग्राहक झाला. या रूपांतराचा आर्थिक अर्थ एवढाच आहे.

पुण्याचा दरबार आणि विल्टशरचे घर

चार्ल्स वॉर मॅलेट हे १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट म्हणून पुण्यात आले. मुळा-मुठेच्या संगमावर त्यांची वकिलात होती. सवाई माधवराव व नाना फडणीस यांच्याशी वाटाघाटी करून १७९० मध्ये टिपूविरुद्धचा तह घडवून आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या कामगिरीबद्दल १७९१ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. तहाच्या प्रसंगाचे भव्य चित्र काढण्याचे काम स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्याकडे होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या रेखाटनांच्या आधारे टॉमस डॅनियल यांनी ते पूर्ण केले. याच वेल्स यांच्या हाताखाली शनिवारवाड्यातील चित्रशाळेत शिकलेल्या गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताची रेखाचित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

मॅलेट यांनी वेल्स यांची कन्या सुझाना हिच्याशी विवाह केला आणि इंग्लंडला परतल्यावर विल्टशर परगण्यातील विल्बरी हाउस घेतले. अठराव्या शतकाच्या आरंभी विल्यम बेन्सन यांनी बांधलेले हे घर इंग्लंडमधील नव-पॅलेडियन वास्तुशैलीचे एक आरंभीचे उदाहरण म्हणून ओळखले जाते. पेशव्यांच्या दरबारात अकरा वर्षे केलेल्या राजकारणाची मिळकत आणि प्रतिष्ठा यांची सांगता अशा प्रकारे एका इंग्रजी घरात झाली. मॅलेट दांपत्याला आठ मुलगे झाले. त्यांपैकी आर्थर व ह्यू पॉइंट्झ हे दोघे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत दाखल झाले. मधल्या काळात पेशवाई संपुष्टात आली होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरील वकिलात जाळली गेली आणि पुढील वर्षात पेशव्यांचे राज्य कंपनीच्या ताब्यात गेले. वडील ज्या भूमीत परदरबारचे वकील म्हणून वावरले, त्या भूमीत मुलगे राज्यकर्ते म्हणून आले.

माथेरानचे पहिले घर

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर असलेले ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी चौक येथे होता. तेथून ते वन ट्री हिलच्या बाजूच्या घळीने डोंगर चढून गेले. प्रचलित हकिकतीप्रमाणे चौकचा पाटील त्यांच्याबरोबर होता. माथ्यावरील सपाटी, दाट झाडी आणि हवेतील गारवा पाहून त्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा तेथे मुक्काम केला आणि पुढे स्वतःसाठी घर बांधले. या घराला ‘द बाइक’ असे नाव होते. दुचाकी या आजच्या अर्थाशी त्याचा काही संबंध नाही. माथेरानचे हे पहिले इंग्रजी घर होय.

बहुतेक पुस्तकांत व मार्गदर्शिकांत ‘मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला’ असे विधान आढळते. या विधानाची चिकित्सा करणे आवश्यक आहे. माथेरान हे नावच मराठी आहे. डोंगरमाथ्यावरचे रान असा त्याचा अर्थ सहज लागतो. धनगर, ठाकूर आणि कातकरी हे लोक या डोंगरावर व त्याच्या उतारांवर पिढ्यान्पिढ्या वावरत होते. गुरे चारणे, मध व सरपण गोळा करणे, शिकार करणे यांसाठी त्यांच्या पायवाटा होत्या. मॅलेट ज्या वाटेने चढले ती वाट आधीपासून होती आणि ती दाखवणारा माणूसही होता. शोध लागला तो डोंगराचा नव्हे, तर त्याच्या नव्या उपयोगाचा. मुंबईच्या उकाड्याने व रोगराईने त्रस्त झालेल्या युरोपियनांसाठी जवळचे हवापालटाचे ठिकाण म्हणून माथेरानची निवड झाली, एवढाच त्या घटनेचा अर्थ आहे.

महाबळेश्वरशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १८२४ मध्ये जनरल लॉड्विक महाबळेश्वरच्या डोंगरावर गेले. ते ठिकाण सातारच्या राज्यात असल्यामुळे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांशी करार करून जागा घ्यावी लागली. माथेरानचा डोंगर मात्र कंपनीच्याच मुलखात होता. तेथे करार करण्यासाठी समोर राजा नव्हता. जे लोक होते त्यांच्याकडे कागद नव्हता. कागदोपत्री माथेरान ‘मोकळे’ ठरले याचे कारण यात आहे.

मॅलेट यांच्या पाठोपाठ इतर अधिकाऱ्यांनी घरे बांधली. कॅप्टन बार यांच्या नावाने ओळखला जाणारा बार हाउस हा बंगला याच आरंभीच्या काळातील आहे. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे लॉज बांधून माथेरानला प्रतिष्ठा मिळवून दिली. १८५६ मध्ये रेल्वे नेरळवरून पुढे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि मुंबईचा माणूस डोंगराच्या पायथ्याशी काही तासांत येऊ लागला. शार्लट तलाव, लुइझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, मॅलेट स्प्रिंग अशी नावे नकाशावर आली. गारबट, रामबाग, चौक ही जुनी नावेही त्यांच्या शेजारी टिकून राहिली. माथेरानचा नकाशा आजही या दोन थरांत वाचता येतो.

बंगल्याची रचना आणि तिचा अर्थ

‘बंगला’ हा शब्द मूळचा बंगालमधील झोपडीवजा घराशी संबंधित आहे. इंग्रजांनी त्या घराची उतरत्या छपराची व व्हरांड्याची कल्पना उचलली आणि तिला आपल्या सवयींची जोड दिली. माथेरानच्या बंगल्यात जांभ्या दगडाचे जोते, भोवती रुंद व्हरांडा, उंच छताच्या खोल्या आणि पावसाचा मारा सोसणारे उतरते छप्पर ही वैशिष्ट्ये दिसतात. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरील अशा घरांवर मंगळुरी कौले चढू लागली.

व्हरांडा ही या घरातील सर्वांत महत्त्वाची जागा होय. घराच्या आतील खाजगी जग आणि बाहेरील मुलूख यांच्या सीमेवर ती असते. साहेब तेथे आरामखुर्चीत बसून चहा घेई, अर्जदार व विक्रेते तेथपर्यंत येत, आणि त्यापलीकडे त्यांना प्रवेश नसे. स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळे, मागील बाजूस असे. त्याच्याही मागे नोकरांच्या खोल्या आणि तट्टांचा तबेला. इंग्लंडमधील कंट्री हाउसमध्ये नोकरांसाठी तळघर, माळा व मागचा जिना असे. माथेरानच्या बंगल्यात तेच अंतर आवाराच्या लांबीने साधले गेले. दोन्हीकडे रचनेचे सूत्र एकच होते. सेवा मिळावी, परंतु सेवक दिसू नये.

तथापि दोहोंत एक मूलभूत फरक आहे. कंट्री हाउसला खंड देणारी जमीन होती. माथेरानचा बंगला सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागेवर उभा होता आणि त्याला स्वतःचे उत्पन्न नव्हते. तो साहेबाच्या पगारावर उभा राहिला. बदली किंवा निवृत्ती होताच साहेब तो विकून मायदेशी जाई. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या एकाच कुटुंबाकडे राहिलेले घर, ही कंट्री हाउसभोवती असलेली भावना माथेरानच्या बंगल्याला कधीच लाभली नाही. त्याचे मालक बदलत राहणे हे आरंभापासूनच ठरलेले होते.

मालकीतील बदल, रेल्वे आणि हॉटेल व्यवसाय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापूस, गिरण्या व जहाजवाहतूक यांतून नवा धनिकवर्ग उदयास आला. पारशी, बोहरा, गुजराती व्यापारी कुटुंबांनी माथेरानमध्ये बंगले घेतले व बांधले. त्याच काळात क्लॅरेंडन, ग्रॅनव्हिल, रग्बी अशी इंग्रजी नावांची हॉटेले निघाली. ज्यांना स्वतःचा बंगला परवडत नसे त्यांना काही दिवसांसाठी तशाच वातावरणाचा अनुभव या हॉटेलांत मिळे. म्हणजे माथेरानमध्ये घर आणि हॉटेल ही दोन टोके नव्हती; ती जवळपास बरोबरीनेच वाढली.

या वाढीला निर्णायक चालना रेल्वेने दिली. सर आदमजी पीरभॉय यांच्या आर्थिक पाठबळावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ–माथेरान हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग उभारला. सुमारे २१ किलोमीटर लांबीचा हा वळणावळणांचा मार्ग मार्च १९०७ मध्ये सुरू झाला. त्यासाठी सुमारे १६ लाख रुपये खर्च झाल्याचे सांगितले जाते. वसाहत साहेबांनी वसवली, तिला गती दिली ती एका भारतीय उद्योजकाने. २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये, म्हणजे शताब्दीच्या वर्षी, तो पुन्हा सुरू झाला.

स्वातंत्र्यानंतर बंगल्यांचे अर्थकारण बदलले. कुटुंबे विभागली, वर्षातून काही आठवडे वापरायच्या घराची डागडुजी परवडेनाशी झाली आणि मध्यमवर्गीय पर्यटकांची संख्या वाढली. बंगल्यांची हॉटेले होऊ लागली. बार हाउस हा बंगला पुढे ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’ या नावाने वारसा हॉटेल म्हणून प्रसिद्धीस आला. मॅलेट यांच्या पहिल्या घराचे ‘बाइक’ हे नावही एका हॉटेलाच्या नावात टिकून आहे. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. मोटारींना असलेली बंदी आणि बांधकामांवरील निर्बंध यांमुळे जुन्या बंगल्यांचे मोल आणखी वाढले. जे नव्याने बांधता येत नाही ते जतन करून विकणे, हा व्यवहार येथे फायद्याचा ठरला. इंग्लंडमध्ये जमिनीचे उत्पन्न आटल्यामुळे घरांची हॉटेले झाली. माथेरानमध्ये मात्र घराला कधी जमिनीचे उत्पन्न नव्हतेच, हॉटेल झाल्यावरच ते प्रथम कमावते झाले.

ज्यांच्या खांद्यावर वसाहत उभी राहिली

माथेरानमध्ये चाकाचे वाहन नव्हते. म्हणून तेथील प्रत्येक वस्तूला माणसाचा किंवा जनावराचा खांदा लागला. नेरळहून डोंगरावर येणारा प्रवासी तट्टावर किंवा पालखीत बसून येई आणि त्याचे सामान हमालांच्या डोक्यावरून येई. बंगल्याच्या तुळया, कौले, लोखंडी पलंग, पियानो, पिठाची पोती, सारे याच वाटेने वर गेले. पाणी, दूध, सरपण, भाजी यांचा पुरवठा पायथ्याच्या व उतारावरील वाड्यांतील लोक करीत. १८७१ मध्ये डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी माथेरानवर लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकात वनस्पती व प्राणी यांच्या आधी ‘लोक’ येतात, ही बाब लक्षणीय आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरनेही डोंगरावरील जमातींची दखल घेतली. म्हणजे साधनांत हे लोक आहेत. मात्र ते ‘वर्णनाचा विषय’ म्हणून आहेत. बंगल्यांची यादी देताना मालकांची नावे येतात, तसे एकाही हमालाचे नाव येत नाही.

या अनामिकांच्या जगातून एक नाव मात्र इतिहासात ठळकपणे पुढे आले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमधील एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. प्रतिकूल परिस्थितीत शिकून ते वकील झाले. कर्जत परिसरातील शेतकरी व आदिवासी यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी त्यांनी धान्यकोठीची योजना राबवली आणि वाड्यांवर शाळा चालवल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारून विजेचे मनोरे पाडण्याची मोहीम चालवली. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. मॅलेट आणि कोतवाल ही दोन्ही नावे माथेरानच्याच इतिहासातील आहेत. एकाने डोंगरावर घर बांधले. दुसऱ्याने त्या डोंगराच्या वाटा राज्यकर्त्यांविरुद्ध वापरल्या. एकाशिवाय दुसऱ्याचा इतिहास पूर्ण होत नाही.

श्रमाचा हा प्रश्न भूतकाळात संपलेला नाही. हातरिक्षा ओढणारा माणूस एकविसाव्या शतकातही माथेरानच्या लाल मातीच्या चढावर दिसत होता. ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत असल्याचे नमूद करून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा व रिक्षाचालकांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. १८५० मध्ये डोंगरावर सुरू झालेल्या एका व्यवस्थेबाबत पावणेदोनशे वर्षांनी झालेला हा न्यायनिवाडा होय. ‘जुन्या काळचे वातावरण’ म्हणून पर्यटकाला जे आकर्षक वाटते, त्याची किंमत कोण देत होते, हे त्या निवाड्याने स्पष्ट केले.

वारसा हॉटेलची भेट : एक अध्ययनपद्धती

महाविद्यालयांच्या सहली माथेरान, महाबळेश्वर येथे जातात. तेथील वारसा वास्तूंकडे विद्यार्थी छायाचित्राची पार्श्वभूमी म्हणून पाहतात. थोड्या तयारीने हीच भेट इतिहासाचा धडा होऊ शकते. प्रथम व्हरांड्यात उभे राहून तेथून काय दिसते आणि काय दिसत नाही याची नोंद करावी. दरी दिसते, स्वयंपाकघर दिसत नाही. ही रचना योगायोगाने झालेली नाही. नंतर मागील आवारात जाऊन नोकरांच्या खोल्या, तबेला, पाण्याची टाकी यांचे आजचे उपयोग पाहावेत. छपराची कौले, जोत्याचा जांभा, खिडक्यांची लोखंडी गजे कोठून आली व ती वर कशी आणली गेली, हा प्रश्न विचारावा. भिंतीवर ज्यांच्या तसबिरी आहेत त्यांची यादी करावी आणि ज्यांच्या असायला हव्या होत्या त्यांचीही करावी. शेवटी हॉटेलातील कर्मचारी, घोडेवाले, हमाल यांच्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी त्यांच्या संमतीने टिपून घ्याव्यात. या आठवणी लिखित साधनांतील पोकळी काही अंशी भरून काढतील.

अशी मागणी केवळ भारतात होते असे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातील ९३ ठिकाणांचा वसाहतवाद व गुलामगिरी यांच्याशी असलेला संबंध मांडणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्यावर तेथे मोठा वाद झाला. घराचे सौंदर्य पाहायला आलेल्यांना त्यामागील पैशाचा हिशेब कशाला सांगता, असा एका पक्षाचा सूर होता. परंतु हिशेब सांगितल्याने घर कुरूप होत नाही. विल्बरीच्या घराची कथा पुण्याच्या दरबाराशिवाय अपुरी राहते, तशीच माथेरानच्या बंगल्याची कथा नेरळच्या हमालाशिवाय अपुरी राहते.

निष्कर्ष

१) इंग्लंडमधील कंट्री हाउसचे हॉटेल झाले ते जमिनीचे उत्पन्न घटल्यामुळे, माथेरानच्या बंगल्याचे हॉटेल झाले ते बदलती मालकी, रेल्वे, पर्यटन आणि नव्या बांधकामांवरील निर्बंध यांमुळे. बाह्य साम्य असले तरी दोहोंची कारणे भिन्न आहेत.
२) मॅलेट पितापुत्रांच्या उदाहरणावरून इंग्लंडमधील घर आणि महाराष्ट्रातील बंगला हे एकाच राजकीय व आर्थिक व्यवस्थेचे दोन भाग असल्याचे दिसून येते.
३) माथेरानचा ‘शोध’ ही संज्ञा स्थानिक समाजांचे पूर्वास्तित्व झाकून टाकते. अध्यापनात तिचा वापर चिकित्सकपणे व्हावा.
४) वास्तूचे जतन करताना ती उभारणाऱ्या व चालवणाऱ्या श्रमिकांच्या स्मृतींचेही जतन झाले पाहिजे. अन्यथा वारसा म्हणजे केवळ मालकांची वंशावळ ठरेल.

पाथर्डी तालुक्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडून जातात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर देशभर जाते. पोत्यावर कारखान्याचे नाव असते, तोडणाऱ्याचे नसते. अशा घरांतून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला माथेरानच्या बंगल्यासमोर उभे राहिल्यावर त्या भिंतींमागील माणसे शोधणे अवघड जाऊ नये. त्याला ती दृष्टी देणे हे इतिहासाच्या अध्यापनाचे काम आहे. शाह डोंगरावरील कबर त्याच्या गावाच्या वाटेवरच आहे. आरंभ तेथूनही करता येईल.